दुसऱ्याच्या देशात कान लावून बसणारं ऑफिस

बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनी गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आल्या. चपला दारात काढता काढताच म्हणाल्या, "भावजी, ते मीडिया मॉनिटरिंग म्हणजे हेरगिरी तर नव्हे की?"

लेकीला एका कामासाठी विचारणा झाली होती. पोरगी खानापूरला आजोळी वाढलेली, त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्ही घरचंच. उर्दू कॉलेजात शिकली, कोकणी गोव्याच्या मावशीमुळे आली. एका परदेशी संस्थेला आपल्याकडचे पेपर, टीव्ही, रेडिओ, यूट्यूबवरची भाषणं रोज वाचून-ऐकून त्याचा गोषवारा देणारी माणसं हवी होती. ऑफिस आपल्याच देशात, मालक बाहेरचे. पगार चांगला होता, आणि वहिनींच्या पोटात गोळा आला तो पगार ऐकूनच. "नुसतं पेपर वाचायला एवढे पैसे कोण देतं?"

इथल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी बावीस वर्षं काढली. माझं निम्मं काम हेच होतं: संध्याकाळी आकाशवाणी धारवाडच्या कन्नड बातम्या ऐकायच्या, हुबळीचे पेपर चाळायचे आणि 'तिकडे काय म्हणतात' ते मराठीत आणायचं. पैसे मात्र तेवढे कधी मिळाले नाहीत. त्यामुळे वहिनींचा प्रश्न मी मनावर घेतला.

आधी हेरगिरीचं. देशादेशांतल्या राजनैतिक संबंधांविषयी १९६१ चा व्हिएन्ना करार आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात दूतावासाची कामं दिली आहेत. त्यातलं एक असं, की यजमान देशात काय चाललंय ते सर्व कायदेशीर मार्गांनी जाणून घ्यायचं आणि आपल्या सरकारला कळवायचं. पेपर वाचण्याइतका कायदेशीर मार्ग दुसरा कुठला? जे लाखोंनी ऐकावं म्हणूनच बोललं गेलं, ते ऐकण्यात चोरी नाही. चोरून फोन ऐकणं किंवा पैसे चारून फाईल मिळवणं हे खातं वेगळं.

पण शंका अगदीच बिनबुडाची नाही, हेही मी वहिनींना सांगितलं. अमेरिकेत २६ फेब्रुवारी १९४१ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी दीड लाख डॉलर मंजूर करून परदेशी रेडिओ ऐकणारी यंत्रणा उभी केली. युद्धानंतर ती सीआयएच्या छपराखाली गेली आणि फॉरिन ब्रॉडकास्ट इन्फर्मेशन सर्व्हिस या नावाने तिने जगभर ऑफिसं चालवली. २००५ मध्ये तिचं ओपन सोर्स सेंटर झालं. गंमत अशी, की तिचे रोजचे अहवाल कित्येक वर्षं वर्गणी भरणाऱ्या कुणालाही मिळत, ग्रंथालयांत ठेवलेले असत. म्हणजे माल उघडा, दुकान मात्र गुप्तहेरांचं. रस्त्यावरच्या माणसाला मालापेक्षा दुकान आधी दिसतं, आणि या ऑफिसांवरचं निम्मं संकट तिथूनच येतं.

आता पैशांचं. २८ ऑक्टोबर १९६२, क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या कडेला उभं. त्या वेळी मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्यात थेट लाईन नव्हती आणि दूतावासामार्फत पत्र पोचायला तासन्‌तास लागत. म्हणून सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं मागे घेत असल्याचं पत्र सरळ मॉस्को रेडिओवरून वाचून दाखवायला लावलं. अधिकृत कागद पोचायच्या आत वॉशिंग्टनला ते कळलं, कारण कुणीतरी हेडफोन लावून बसलं होतं आणि वाक्यामागून वाक्य इंग्रजीत उतरवत होतं. वहिनी म्हणाल्या, "मग द्यायलाच पाहिजेत पैसे."

पण निव्वळ भाषा येऊन भागत नाही. या कामातला माझा सगळ्यात आवडता किस्सा बीबीसीचा आहे. त्यांनी १९३९ च्या ऑगस्टअखेरीला, महायुद्धाच्या तोंडावर, इंग्लंडमधल्या इव्हशॅमजवळच्या वुड नॉर्टन या इस्टेटीत हे काम सुरू केलं. ऐकायला बसवलेले बरेचसे लोक हिटलरच्या तावडीतून निसटलेले निर्वासित होते. त्यांतले एक अर्न्स्ट गॉम्ब्रिक, मूळचे व्हिएन्नाचे, पुढे कलेचे इतिहासकार म्हणून जगभर गाजले. १ मे १९४५ ला जर्मन रेडिओने महत्त्वाची घोषणा होणार असं सांगून ब्रुकनर या संगीतकाराच्या सातव्या सिंफनीतला संथ भाग लावला. तो भाग थोर संगीतकार वाग्नरच्या मृत्यूच्या छायेत रचला गेला होता, हे गॉम्ब्रिकना ठाऊक होतं. काय घोषणा होऊ शकते याचे अंदाज त्यांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून ठेवले. निवेदकाने तोंड उघडताच त्यांनी 'हिटलर गेला' या अर्थाच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि वर कळवायला साहेबाने फोन उचलला.

हे आपल्याला सांगावं लागत नाही. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या दुपारी रेडिओवरची गाणी थांबून उदास सुरावट सुरू झाली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या आजीसुद्धा म्हणाल्या होत्या, "कोणतरी मोठं गेलं बघ." इंदिरा गांधी गेल्याची अधिकृत बातमी आकाशवाणीने दिली ती संध्याकाळी. ज्यांच्याकडे बीबीसी लागत होतं त्यांना आधीच कळलं होतं.

मग प्रश्न येतो, की असं ऑफिस धोक्याच्या जागी कशाला उघडायचं? आपल्या देशात सुखाने बसून ऐकता येत नाही का? उत्तर रेडिओच्या लहरींत आहे. शॉर्टवेव्ह आभाळाच्या वरच्या थरांवर आपटून हजारो मैल जाते, ती लंडनला बसूनही ऐकता येते. मीडियम वेव्हचं तसं नाही. बेळगावात दिवसा धारवाड स्वच्छ लागायचं, सांगली खरखरत. रात्र झाली की कुठली कुठली स्टेशनं एकमेकांच्या अंगावर येऊन बसायची. आणि एफएम? टॉवर डोळ्यांआड गेला की संपलं, पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढे काही खरं नाही. गावातला पेपर तर गावातच मिळणार. म्हणजे एखाद्या देशातला माणूस आपल्या माणसांशी काय बोलतो ते ऐकायचं, तर ओसरीवर जाऊन बसण्यावाचून इलाज नव्हता. इंटरनेट आल्यावर ही गरज कमी झाली, संपली नाही. कितीतरी वाहिन्यांचे कार्यक्रम देशाबाहेर दिसत नाहीत. गडबड झाली की सरकारं पहिल्यांदा इंटरनेट तोडतात, म्हणजे ऐकण्याची गरज सर्वांत जास्त असते नेमकी तेव्हाच.

आतलं काम दिसायला कंटाळवाणं असतं. पाळीवर तिघं-चौघं, समोर टीव्ही, कानाला हेडफोन, सगळं रेकॉर्ड होत असतं. काय शब्दशः उतरवायचं, काय दोन ओळींत आवरायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ऐकणारा ठरवतो. प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर कुठलं स्टेशन, कुठली भाषा, किती वाजता, कोण बोललं हे आलंच पाहिजे. स्वतःचं मत घुसवायचं नाही. आणि जे बोललं गेलं नाही, त्याचीही नोंद ठेवायची. रोज 'आदरणीय' म्हणून घेतलं जाणारं एखादं नाव आज नुसतं आलं, तर ती मोठी बातमी असू शकते.

यात चूक कशी होते ते मी स्वतःच्या खिशातून सांगतो. डेस्कवर मी नवखा होतो. एका मंत्र्याने दगडफेकीचं 'खंडने' केल्याची कन्नड बातमी आली. मी बिनधास्त लिहिलं, मंत्र्यांकडून दगडफेकीचं खंडन. आमच्या मराठीत खंडन म्हणजे 'असं घडलंच नाही' असं सांगणं. कन्नडमध्ये खंडने म्हणजे निषेध. माणूस दगडफेकीचा धिक्कार करत होता आणि मी त्याच्या तोंडी घातलं, की दगडफेक झालीच नाही! डोकं फुटलेल्या माणसाच्या घरी दुसऱ्या दिवशी तो पेपर गेला असता तर काय झालं असतं, विचार करा. आमचे प्रूफरीडर मूळचे गोकाकचे होते, त्यांनी पान सोडायच्या आधी पकडलं म्हणून वाचलो. 'अनुमान' हा तसाच शब्द. आपल्याकडे तर्क, त्यांच्याकडे संशय. आणि कन्नडमधली 'गडी' म्हणजे सीमा, हे कळायला आमच्या एका कोल्हापूरच्या पाहुण्याला चार दिवस लागले. तो बिचारा 'गडी विवाद' वाचून मजुरांचं भांडण समजून बसला होता. सारखे दिसणारे शब्द अनोळखी शब्दांपेक्षा घातक, कारण अनोळखी शब्दासाठी माणूस निदान कोश तरी उघडतो. म्हणून अशा ऑफिसाला परदेशातून पढवून आणलेला दुभाषा पुरत नाही, तिथल्या मातीतलाच माणूस लागतो.

सुरक्षेचा प्रश्न इथेच गळ्याशी येतो. ज्याच्यावाचून ऑफिस चालत नाही तो माणूस त्याच गावात राहतो, त्याच दुकानात दूध घेतो, त्याची मुलं त्याच शाळेत जातात. साहेबाची बदली होते, याची होत नाही.

धोका येतो कसा ते बघू. बहुतेकदा तो अफवेवर बसून येतो. २० नोव्हेंबर १९७९ ला मक्केच्या मशिदीवर सशस्त्र टोळीने कब्जा केला. ते कोण होते हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. इराणच्या रेडिओवरून तिथले सर्वोच्च नेते खोमेनी यांचं म्हणणं गेलं, की यामागे अमेरिका आणि तिचे साथीदार आहेत. दुसऱ्या दिवशी इस्लामाबादमध्ये जमावाने अमेरिकेचा दूतावास पेटवला. शंभराहून जास्त माणसं आतल्या पोलादी खोलीत कोंडून तासन्‌तास बसली, खालची फरशी तापत होती. दूतावासाचे चौघे कर्मचारी गेले, त्यांतले दोघे तिथलेच पाकिस्तानी. रेडिओवरचं ते वाक्य वेळेत ऐकून फाटकापर्यंत पोचवणं हे मॉनिटरिंगचंच काम. म्हणजे अशा ऑफिसात हेडफोन लावून बसलेला माणूस कधीकधी स्वतःच्याच दारावर येणाऱ्या जमावाची बातमी ऐकत असतो.

आपल्याला हे फार लांबचं वाटायला नको. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. त्यानंतर १४ डिसेंबरला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक झाली, तेव्हा गृहमंत्री अमित शहा यांनीच सांगितलं, की मोठ्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी आगीत तेल ओतलं. त्या आठवड्यात दोन्ही भाषा वाचू शकणारा माणूस शांतपणे बसून 'हे खातं खरं, हे खोटं' एवढंच सांगत राहिला असता, तर काही काचा तरी वाचल्या असत्या असं मला वाटतं.

काचांवरून आठवलं. १८ एप्रिल १९८३ ला बैरुतमधल्या अमेरिकी दूतावासावर गाडीबॉम्बचा हल्ला झाला, ६३ माणसं गेली. त्यानंतर नेमलेल्या मंडळाने १९८५ मध्ये सांगितलं, की इमारत रस्त्यापासून शंभर फूट, म्हणजे तीस मीटर आत हवी. स्फोटाचा जोर अंतराने झपाट्याने कमी होतो, म्हणून दोन फूट जाड भिंतीपेक्षा मोकळी जागा जास्त कामाची. पण शहरात एवढी जागा कुठे मिळते? नैरोबीतला दूतावास भर चौकातच राहिला. ७ ऑगस्ट १९९८ ला तिथे स्फोट झाला, दोनशेहून जास्त लोक मेले, त्यांत अमेरिकी १२. बाकी जवळजवळ सगळे केनियाचे, कुणी आत नोकरीला, कुणी शेजारच्या इमारतीत, कुणी बसमधले. कितीतरी जणांची दृष्टी गेली, कारण आधी फाटकापाशी छोटा धमाका झाला आणि लोक काय झालं ते बघायला खिडकीशी धावले. आमच्या खडेबाजारात गलका झाला की सगळा मजला गॅलरीत जमतो. म्हणून वहिनींच्या लेकीला मी पहिला धडा दिला: आवाज आला की खिडकीपासून लांब, खाली बस.

बाकीच्या काळज्या साध्या असतात. पाटी लावायची नाही, येण्याजाण्याची वेळ आणि वाट बदलत राहायची, चहाच्या टपरीवर कामाचं बोलायचं नाही. मला खरी महत्त्वाची वाटते ती कागदाची काळजी, आणि तिकडे सर्वांत कमी लक्ष जातं. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासात विद्यार्थी घुसले. आतल्यांनी घाईघाईने कागद यंत्रात घालून त्यांच्या उभ्या पट्ट्या केल्या होत्या. इराणमध्ये गालिचे विणणाऱ्यांची काय कमी! बारीक धागे जुळवण्यात तयार झालेल्या हातांनी त्या पट्ट्या जोडल्या, आणि त्यांची पुस्तकं छापली गेली. त्यानंतर कागदाचा भुगा करणारी यंत्रं आली. तरी ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं, तेव्हा ब्रिटिश दूतावासाच्या आवारात स्थानिक नोकरांची आणि अर्जदारांची माहिती असलेले कागद जमिनीवर पडलेले एका पत्रकाराला सापडले. पुढच्याच महिन्यात ब्रिटनच्या संरक्षण खात्याने अडीचशेहून जास्त अफगाण दुभाष्यांना एकच ईमेल पाठवला, आणि प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसत होते. कुणी बॉम्ब टाकला नव्हता. लपून बसलेल्या माणसांची यादी एका बटणाने तयार झाली.

आणि शेवटी निघून जायची वेळ. अमेरिकी पद्धतीत याच्या दोन पायऱ्या आहेत. आधी 'ज्यांना जायचं त्यांनी जावं' अशी परवानगी, मग 'जायलाच हवं' असा हुकूम. काम बंद पडत नाही. ब्रिटिश आणि अमेरिकी यंत्रणांनी महायुद्धानंतर जग आपापसांत वाटून घेतलं होतं, एकाचं ठाणं बंद पडलं तर दुसरं ऐकायचं. जुलै १९७४ मध्ये तुर्की फौजा सायप्रसमध्ये किरेनियाच्या किनाऱ्यावर उतरल्या, आणि तिथून जवळच असलेल्या अमेरिकी ऐकण्याच्या ठाण्याला गाशा गुंडाळावा लागला. ऐकणं दुसरीकडून चालू राहिलं. पण त्या दोन्ही पायऱ्या साहेबांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी असतात. स्थानिक माणूस स्वतःच्याच देशात असतो, त्याला कुठे हलवणार? व्हिएन्ना करारातलं संरक्षणही यजमान देशाच्याच नागरिकाला जवळजवळ मिळत नाही. विमान सुटतं आणि तो रिक्षाने घरी जातो, तिथे गल्लीत सगळ्यांना माहीत असतं की हा कुणाकडे कामाला होता.

तो संशय काय असतो त्याची चिमूटभर चव मी घेतली आहे. १ नोव्हेंबरला सीमाभागातली मराठी माणसं कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ काळा दिन पाळतात, त्याच्या आसपास माझं कन्नड बोलणं काही मराठी मित्रांना खटकायचं, आणि कन्नड ओळखीचे लोक म्हणायचे, हा आपलं वाचून तिकडे पोचवतो. दोघांच्याही दृष्टीने मी दुसऱ्यांचा माणूस. कुणी मारलं नाही, कुणी घर पेटवलं नाही. तरी त्या दिवसांत बायको मला शहापूरच्या बाजारात एकटं जाऊ देत नसे.

हे सगळं ऐकून वहिनी गप्प झाल्या. मुलगी मात्र वही घेऊन बसली होती. "काका, मग मुलाखतीत मी काय विचारू?" मी सांगितलं, की नोकरीला जाऊ नको असं मी म्हणणार नाही. तुझ्यासारखा तिन्ही-चारी भाषांचा कान सीमाभागाबाहेर सहज सापडत नाही, त्याची किंमत घे. पण आधी विचार: माझं नाव आणि घरचा पत्ता कुठल्या कुठल्या यादीत जाणार, ती यादी कुणाकडे असणार, तुम्ही निघालात तर ती कोण नष्ट करणार? तुमच्या माणसांना जायचा हुकूम आला तर त्या महिन्यापासून माझं काय, पगार किती दिवस, गावी जायचा खर्च कोण देणार? करारावर मालक म्हणून परदेशी संस्थेचंच नाव आहे की मधल्या ठेकेदाराचं? ठेकेदार असेल तर हात झटकायला एक माणूस आणखी वाढला, हे गृहीत धर.

तिने सगळं लिहून घेतलं. वहिनी उठता उठता म्हणाल्या, "आणि रात्रपाळीला जेवणाचं काय ते पण विचार गं."

मुलगी हसली, मी नाही हसलो. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाच्या दिवसांत शहर बंद असताना आम्ही दोन रात्री प्रेसमध्ये अडकलो होतो, पेपरच्या गठ्ठ्यांवर झोपलो. खायला एक पोतं चुरमुरे आणि कुणाच्या तरी डब्यातला लोणच्याचा खार. तिसऱ्या दिवशी पहाटे एक जण 'जरा बघून येतो' म्हणून भाकरी शोधायला बाहेर पडला आणि पोलिसांचा मार खाऊन आला. नीट चालणाऱ्या ऑफिसात आठवड्याचे तांदूळ, डाळ, पाणी, गाद्या आणि जनरेटरचं डिझेल भरून ठेवलेलं असतं, ते याचसाठी. मी पोरीला म्हटलं, आईचा प्रश्न यादीत सगळ्यात वर घे.